सारवलेलं मैदान

पौषातल्या रविवारची पहाट होती. धुकं असं उतरलं होतं की दारात उभं राहिलं तर समोरच्या घराचा पत्रा दिसत नव्हता. नाशकाची थंडी तशी नावाजलेलीच, पण चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत तिनं ताळच सोडला होता. दिंडोरीकडच्या बागाईतदारांनी द्राक्षं काकडू नयेत म्हणून बागांतून शेकोट्या धुमसत ठेवलेल्या, आणि त्यांचा कडवट धूर वाऱ्यावर पार शहराच्या कडेला, चांगुणाच्या वस्तीपर्यंत आलेला.

चांगुणानं बंबात चिपाडं कोंबली, काडी ओढली, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं आणि परातीत बाजरीचं पीठ घेतलं. नवऱ्याला, भिकनला, ओझरच्या कारखान्यात रविवारचा ओव्हरटाइम होता. साडेसहाला कंपनीची बस नाक्यावर यायची. तिचे हात भाकरी थापत होते, पण जीव सगळा मैदानावर. उजाडलं की खुंट्या ठोकून दोरी धरायची, फक्की मारायची, खांब कोरड्या फडक्यानं पुसायचे. साडेआठला सर येणार.

"आई कुठं गेली गं?" भिकन कानटोपी शोधत आला. "अंथरूण मोकळं दिसतंय."

"गेल्या असतील कुणाच्या शेकोटीला."

"एवढ्या गारठ्यात? म्हातारी लय टणक हाय. मी तिच्यावर गेलो नाय, मी तर बसमधी गोधडी घेऊन चाललो."

चांगुणाला हसू आलं नाही. आज हसायला तिला फुरसत नव्हती.

आज जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाची निवड चाचणी होती. दर साली ती गंगापूर रोडच्या एका शाळेच्या मैदानावर व्हायची आणि दर साली चांगुणानं वस्तीत तयार केलेल्या नऊ पोरी घरी बसायच्या. पोरी कमी नव्हत्या. सोमाची ठमा तर पाठलागाला सुटली की समोरच्या पोरीला आपली सावलीसुद्धा परकी वाटावी. पण वस्तीतल्या बापांची एकच अट. खेळायचं तर इथं, वस्तीत, आमच्या डोळ्यांदेखत. टेम्पोत बसून शहरभर मिरवायचं नाही. अटीला पाच वर्षं झाली, तिला चीर पडली नाही. म्हणून मग चांगुणानं जिल्हा संघटनेला पत्रं लिहायला घेतली. पोरी तुमच्याकडं येऊ शकत नाहीत, तर तुम्ही पोरींकडं या. दोन वर्षं लिहिली. अकराव्या पत्राला उत्तर आलं, की मैदान नियमात बसत असेल तर या वेळची चाचणी तुमच्याकडं घेऊ. खाली सही, रंगनाथ बोरस्ते, निवड समिती.

ती सही बघून चांगुणा बराच वेळ पत्र हातात धरून बसली होती. त्या सहीशी तिचं जुनं दुखणं होतं.

चांगुणा दिंडोरीच्या पुढच्या एका वाडीतली. बाप पुंजाराम गांगुर्डे मैलकुली होता. सरकारी रस्त्याचा एक मैल त्याच्या हवाली. त्यातले खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, बाभळी-लिंबांना पाणी घालायचं. दुपारची भाकर पोचवायचं काम चांगुणाकडं. बाप मैलाच्या या टोकाला आहे का त्या टोकाला, हे घरून कळायचं नाही, आणि कालवण गार झालेलं पुंजारामला खपायचं नाही. "मढ्याच्या तोंडात घालायचं का हे?" म्हणून तो कालवण तिथंच बाभळीच्या बुडात ओतायचा. म्हणून ती पळायची. पितळी डबा छातीशी धरून, कालवण हिंदकळू न देता पळायची. पुढं लोक म्हणायचे, चांगुणाचं वरचं अंग पळताना हलत नाही. त्याचं मूळ त्या डब्यात होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या साली ती मॅट्रिक होऊन नाशकात कॉलेजला आली, मुलींच्या वसतिगृहात राहिली. एका शनिवारी दिंडोरीची एसटी सुटली होती, ही मागून धावत गेली आणि दांडीला धरून आत चढली. मागच्या सीटवर कॉलेजचे खेळाचे मास्तर बोरस्ते सर बसले होते.

"नाव काय गं तुझं?"

"काढते ना सर तिकीट, दम तर घेऊ द्या."

"तिकीट कोण मागतंय? खो-खो खेळतीस का?"

इतकंच. दोन वर्षांत ती कॉलेजची कर्णधार झाली. पळतीला उतरली की चार-चार मिनिटं हाताला लागायची नाही. हूल द्यावी तर चांगुणानं. खांदा डावीकडं, नजर डावीकडं आणि पाय उजवीकडं. पंच्याहत्तर साली विद्यापीठाच्या संघात तिचं नाव लागलं. बारा जणींत बारावी, राखीव. पुंजारामनं वाडीत घरोघर गूळ वाटला. राखीव म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

संघ इंदूरला गेला. सोबत मार्गदर्शक म्हणून बोरस्ते सरच. तीन सामने चांगुणा कडेला बसून राहिली. पोरींना पाणी दे, लिंबाच्या फोडी दे, सगळ्यांचे स्वेटर मांडीवर सांभाळ. चौथा सामना उपांत्य. सुमती नावाच्या पोरीचा पाय मुरगळला. शेवटची पळती बाकी. सर वळले, त्यांनी राखीव पोरींकडं बघितलं. नजर चांगुणावर आली, थांबली. ती अर्धी उठलीसुद्धा. स्वेटर मांडीवरून खाली पडले. मग नजर सरकली आणि सरांनी शेजारच्या पोरीला हात केला. ती पोरगी वीस सेकंदांत बाद झाली आणि संघ एका गुणानं हरला.

का? एवढाच प्रश्न. नऊ वर्षं तो तिच्या पायात काट्यासारखा होता. चालताना दुखत नव्हता, पळायला गेलं की दुखायचा.

पुढं बी.ए. झाली. खेळाडूंसाठी सरकारी जागा निघाल्या तेव्हा तिनं प्रमाणपत्र जोडून अर्ज केला. तो परत आला. त्यावर लाल शाईत, 'प्रत्यक्ष खेळल्याचा दाखला जोडावा.' तिनं तो कागद घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातला. सत्त्याहत्तरला भिकनशी लग्न झालं. पुढच्या साली रोजगार विनिमय कचेरीतून कॉल आला आणि ती पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात कारकून झाली. टेबलावर पाण्याच्या पाळ्यांच्या फायली. दुपारी डबा खाताना शेजारच्या बाया विणकाम काढायच्या, ही खिडकीतून कंपाउंड बघायची. खो-खोला लागतं तसं लांबीला सत्तावीस मीटर भरेल का, रुंदीला सोळा भरेल का.

वस्तीच्या मागं एक पडीक जागा होती, बोरीबाभळीची. एकोणऐंशी साली चांगुणानं ती सहा पोरी घेऊन साफ केली. तिथपासून रोज संध्याकाळी कचेरीतून आली की चहा उभ्यानं प्यायचा, पदर खोचायचा आणि मैदानावर. मैदानावरून उठलं की घराच्या ओट्यावर बाया बसलेल्या असायच्या. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या पोराच्या स्कॉलरशिपचा फॉर्म, कुणाला दवाखान्याची चिठ्ठी वाचून दाखवायची. ती सगळ्यांचं करायची, आणि फॉर्म भरता भरता पोरी मागायची. "भागीबाई, फॉर्म भरून देते, पण धाकटीला उद्यापासून पाठवायची." अशा नऊ झाल्या.

सासूचं, धोंडाबाईचं, मात्र कधी जमलं नाही. "शिकली-सवरली बाई, अन् कासोटा घालून पोरींमागं पळती. लोकं मला इचारत्यात, सून कुणाला धरायला पळती गं? काय सांगू?" पाच वर्षांत म्हातारीनं मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं. मैदान वाटेत आलं तर वळसा घालून जायची.

चहा उकळला. भिकन डबा घेऊन नाक्याकडं गेला. चार वर्षांची लता गोधडीत गुरफटून झोपलेली. चांगुणानं फक्कीची पिशवी, सुतळीचं बंडल, टेप घेतला आणि लेकीला शेजारणीकडं सोपवून धुक्यातून मैदानाकडं निघाली.

आधी वास आला. मग बायांचा गलका. मग पायाखाली थंडगार, मऊ, बुळबुळीत काहीतरी लागलं आणि ती पडता पडता वाचली.

अख्खं मैदान शेणानं सारवलेलं होतं. या खांबापासून त्या खांबापर्यंत, हिरवंगार, बोटभर जाड, ओलंचिंब. सतरा-अठरा बाया लुगडी खोचून, कोपरापर्यंत हात भरलेल्या, थंडीनं कुडकुडत आणि हसत उभ्या होत्या. मधल्या पट्टीवर, जिथं पोरी उलटसुलट तोंडं करून बसतात तिथं, आठ पाकळ्यांचं टोलेजंग कमळ रांगोळीत काढलेलं. दोन्ही खांबांना झेंडूच्या माळा. आणि सगळ्यांच्या मधोमध धोंडाबाई. पाटलिणीसारखी.

"आली का? बघ, बघ!" म्हातारीचे दात थंडीनं वाजत होते. "चारच्या ठोक्याला लागलोय. गवळीवाड्यातून दोन दिस शेण गोळा करती मी."

चांगुणाला आठवलं. मोरीमागं पोत्याखाली झाकलेली घमेली तिनं परवा पाहिली होती. गोवऱ्या थापायच्या असतील, असं वाटलं होतं.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? सारवलं. तूच नाय का करत दसऱ्याला?"

करत होती. तीच तर करत होती. पावसाळा सरला की दरसाल मैदान खणायचं, मुरूम-माती चाळून टाकायची, मीठ मारून धुम्मसानं ठोकायची आणि धूळ उडू नये म्हणून वरून शेणाचा पातळ सडा. वस्तीतल्या बायांनी ते ओट्यावरून पाच वर्षं पाहिलं होतं.

"मी पातळ घालते, आत्याबाई. पाण्यासारखं. तेव्हा ऊन असतं, दोन तासांत वाळतं. हे बोटभर आहे!"

"मंग! पाव्हण्यांसाठी का पातळ काम करायचं? लोकं म्हणतील धोंडाबाईच्या हाताला कसर हाय."

"अन् ताई, खांब बगा की," भागीबाईनं माळ बाजूला सारून दाखवलं. "गोडंतेल पाजलंय. कसा चकाकतोय!"

चांगुणानं खांबाला हात लावला. हात सरकन खाली घसरला. पळत्या पोरीला बाद करायला पोरी ज्या खांबाला धरून गर्रकन वळतात, ज्याच्यावर अंग झोकून देतात, तो खांब असा गुळगुळीत झाला होता की त्यावर माशी बसली नसती.

तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण समोर सतरा बाया, निळ्या पडलेल्या बोटांच्या. गेल्या गुरुवारी विहारात पत्र वाचून दाखवलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले होते, "आपल्या धोंडाबाईंच्या सुनेनं हे घडवून आणलं," आणि टाळ्या पडल्या होत्या. साठ वर्षांत म्हातारीचं नाव चारचौघांत पहिल्यांदा घेतलं गेलं होतं. त्या टाळ्यांचं हे शेण होतं. शिव्या कुणाला घालायच्या?

"राख आणा," ती कशीबशी म्हणाली. "चुलीतली, बंबातली, मिळंल तेवढी."

बायांनी राख आणली. ओल्या शेणावर राख पडली आणि त्याचा नुसता रबडा झाला. कोरडी माती मारली, ती पायाला चिकटून ढेकळं निघायला लागली. चांगुणा खराटा घेऊन एका कोपऱ्यातून खरवडायला बसली, तर शेणाबरोबर दसऱ्याला ठोकलेला थरच वर यायला लागला. फडक्यानं खांब पुसले. तेल लाकडात मुरलेलं, ते कसलं निघतंय. धुकं जागचं हलत नव्हतं. सूर्याला आजच काय झालं होतं कोण जाणे.

साडेआठला दोन टेम्पो आले. तालुक्यांच्या पोरी स्वेटरांत मुटकुळं करून बसलेल्या. पुढून बोरस्ते सर उतरले. केस पांढरे झालेले, गळ्यात मफलर आणि मफलरवर शिट्टी.

"चांगुणा! काय गं, तशीच आहेस." मग त्यांची नजर खाली गेली.

सर टेम्पोच्या पायरीवर बसले, बूट काढला, मोजा काढला. मैदानात दोन पावलं गेले आणि टाच दाबून गोल फिरवली. टाच सटकली. शेणावर अर्धचंद्र उमटला. मग त्यांनी खांबाला बोट लावलं, नाकाशी नेलं.

"शेंगदाण्याचं का?"

"सर, दहापर्यंत ऊन पडंल. थांबा थोडं."

"माझं घर शेणाच्या जमिनीचंच होतं गं. हे दोनच्या आत वाळत नाही. पाच संघांच्या पोरी उपाशी बसल्यात टेम्पोत. अन् इथं कुणी खांबावर झेप घातली न् मनगट मोडलं, तर तिचा बाप तुला विचारील का मला?"

यात खोटं काय होतं? हाच तर वैताग होता. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

"सायेब, चा तरी घ्या," धोंडाबाई पुढं झाली.

सरांनी हात जोडले. "आजी, सारवण मात्र झकास हां. आमच्याकडं आता असं कुणी करत नाही."

म्हातारीचं तोंड फुललं. तिनं सुनेकडं पाहिलं, बघ म्हणून.

"गंगापूर रोडचं मैदान आखलेलंच आहे," सर बूट चढवत म्हणाले. "टेम्पोत जागा आहे. दे तुझ्या पोरी. तूही चल."

टेम्पो वळायला लागले तेव्हा धोंडाबाईला उमगलं. "अगं, चालले कुठं हे? चांगुणे? काय झालं गं?"

चांगुणा थांबली नाही. ती वस्तीत शिरली होती. नऊ दारं होती आणि सरांनी पंधरा मिनिटं दिली होती.

सोमाचं दार पहिलं. सोमा कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला, साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत ठमा दोन्ही वेण्या घट्ट वर बांधून, तयार होऊन बसलेली.

"जयभीम ताई. कळलं मला."

"सोमाभाऊ, तीन तासांचा प्रश्न आहे. मी सोबत आहे. दुपारी ठमाला तुमच्या दारात आणून सोडते."

"तुमच्यावर इश्वास नाय असं नाय, ताई. पण मी इहारात चार जणांत काय बोललो व्हतो? हितं खेळंल, आपल्या मैदानावर. त्याच्यावरच सगळ्यांनी माना हलवल्या. आता मीच पोरगी टेम्पोत घातली तर उद्या माझ्या शब्दाला कोण पुसतंय?"

"लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मीबी लोकांतच राहातो ना, ताई. थोरलीला बघायला पुढल्या आयतवारी पाव्हणे येणार. एकीकडं ते, अन् एकीकडं धाकटी हाफपँटीत गंगापूर रोडला."

"बापू, मी जाऊ?" ठमा आतून म्हणाली. सोमानं मागं वळून बघितलं नाही.

"मग खेळू कशाला दिलंत हो तिला?" चांगुणाचा आवाज चढला. "पाच वर्षं तिचे पाय मी घडवले, ते कशाला? परसात पळायला?"

सोमा गोंधळला. खरंच गोंधळला. "तुम्ही चांगल्या म्हणून," तो म्हणाला.

पुढच्या दारांतही तेच, शब्द तेवढे वेगळे. एकाची बायको आजारी, एकाला भावाला विचारायचं होतं आणि भाऊ मनमाडला. एकानं दारच उघडलं नाही. टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा चांगुणाच्या मागं तीन पोरी होत्या. भागीबाईची धाकटी सिंधू आणि आणखी दोघी. त्यातली एक अजून दात घासत होती.

गंगापूर रोडच्या मैदानावर पोचेस्तोवर ऊन पडलं. चक्क, पिवळंधमक.

संघ नऊ जणींचा, आणि या तिघी. सरांनी त्यांना दुसऱ्या तालुक्यांच्या संघांत पाच-पाच मिनिटं घातलं. अनोळखी पोरी, अनोळखी खुणा. सिंधू बसली होती तिथून 'खो' मिळताच उठली, पण बावरून उलट दिशेला पळाली. फाउल. दुसरीनं पळतीला दोन मिनिटं बरी काढली. तिसरी टेम्पोच्या हेलकाव्यानं मळमळत होती, ती कडेलाच बसली. चांगुणा रेषेबाहेर उभी राहून ओरडत होती, "डावीकडं गं, डावीकडं!" पण तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

चाचणी संपत आली. सर टेबलाशी यादी करत होते.

"पत्रात लिहिलं होतंस ती उंच पोरगी कुठाय? पाठलागाची. ठमा का कोण?"

"आली नाही."

"का?"

"मैदान आलं नाही म्हणून," चांगुणा म्हणाली. सरांना ते कळलं नाही. त्यांनी यादीत अगोदरच लिहून ठेवलेलं एक नाव पेन्सिलीनं खोडलं. खोडताना हळहळले. त्यांचा जीव खेळात होता, हे चांगुणाही नाकारत नव्हती.

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून ती एकदम बोलून गेली, "सर, इंदूरला मला का नाही उतरवलंत?"

"इंदूरला?"

"पंच्याहत्तर साली. उपांत्य सामन्यात सुमतीचा पाय मुरगळला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी उठले होते."

सरांनी चष्मा काढला. आठवायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून. कपाळाला आठ्या पडल्या.

"जिंकलो का आपण?"

"हरलो सर. एका गुणानं."

"अस्सं." त्यांनी चष्मा मफलरला पुसला. "नाही गं आठवत. किती संघ नेले, किती पोरी." मग तिचं तोंड बघून त्यांना काहीतरी द्यावंसं वाटलं असावं. "तुला उतरवायला पाहिजे होतं बहुतेक."

बहुतेक. मागून कुणीतरी हाक मारली, सरांनी चष्मा लावला, शिट्टी फुंकली आणि शेवटच्या गटाकडं गेले. नऊ वर्षं जपलेला काटा निघाला खरा. पण तिथं काही नव्हतंच, हे त्याहून वाईट.

परतताना टेम्पो नाक्यावरच थांबला. सिंधू रडून रडून झोपलेली, तिला उठवून तिघींना घरी पोचवलं. साडेचार होऊन गेले होते. घराकडं जायला मैदानाची वाट टाळता आली असती, जशी धोंडाबाई टाळायची. पण पायांना सवय.

लांबूनच 'खोऽ' ऐकू आलं.

मैदान वाळलं होतं. दिवसभराच्या उन्हानं शेण बसलं होतं, घट्ट, ताटासारखं सपाट, ना धूळ ना खडा. पाच वर्षांत असं मैदान झालं नव्हतं. कुणीतरी रांगोळीनंच रेघा मारून घेतल्या होत्या, कमळ तसंच ठेवून. घरी राहिलेल्या सहाजणींनी लहान पोरी भरतीला घेऊन डाव मांडलेला. पाठलागावर ठमा. वेण्या सुटलेल्या. खांबाजवळ ती तेलकट लाकडाला हात न लावता, नुसत्या टाचेवर वळली. पळणारी पोरगी वळून बघेस्तोवर बाद.

कडेला उकिडवा बसलेला सोमा उठून उभा राहिला. "या ताई, या! बगा कशी पळती!" त्याच्या तोंडावर निव्वळ कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. "तुमचे ते सायेब आत्ता हितं पाहिजे व्हते बगा!"

चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. दातांवर दात दाबले. या माणसाला काय बोलायचं? आणि कुठल्या भाषेत?

ठमानं तिला बघितलं, क्षणभर थांबली. मग तोंड फिरवलं आणि 'खो' देऊन जागेवर बसली.

घराच्या पायरीवर धोंडाबाई बसली होती. मांडीवर लता. म्हातारीनं हात धुतले होते, पण नखांत शेण तसंच. शेजारीण हळूच म्हणाली, "सकाळपासून अन्नाला शिवल्या नाहीत."

"कोन लागलं का?" धोंडाबाईनं विचारलं.

"नाही."

 मैदानावरून पोरींचा ओरडा येत होता.

"मला काय म्हाईत, चांगुणे," म्हातारी शेवटी म्हणाली. "पातळ घालायचं ते. तू कधी सांगितलंच नाय."

चांगुणाच्या तोंडावर आलं होतं, तुम्ही कधी तिकडं फिरकलात का म्हणून सांगू? पण सांगितलं नव्हतं हे खरंच. बायांना मैदानात बोलवावं, शेण किती, पाणी किती, खांबाला काय लावायचं नसतं, हे दाखवावं, असं तिच्या मनात पाच वर्षांत एकदाही आलं नव्हतं. पोरी तेवढ्या मागितल्या.

"जेवून घ्या," ती म्हणाली. आवाजात माया नव्हती. आणता आली नाही.

"पुढल्या साली पातळ करू."

"पुढल्या साली ठमाचं वय बसत नाही, आत्याबाई."

 लता म्हातारीच्या नखांतलं शेण काडीनं काढत बसली होती.

"नळ आला गंऽ!" वस्तीच्या तोंडाशी आरोळी झाली, आणि दारादारांतून हंडे-कळश्यांचा खणखणाट उठला. नळ पाऊण तास टिकायचा, कधी अर्धाच. चांगुणानं पदर खोचला, कोपऱ्यातले दोन हंडे आणि चुंबळ उचलली. रांगेत भागीबाईच्या मागं तिचा नंबर लागला. भागीबाईनं मागं वळून काहीतरी विचारलं; चांगुणानं नुसती मान हलवली. पाणी आज बारीक होतं. तिनं हंडा नळाखाली सरकवला आणि तो भरेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग चुंबळ डोक्यावर नीट बसवली, हंडा वर घेतला आणि पायानं दुसरा नळाखाली ढकलला.